हौशी लिहिणाऱ्यांचा ऑनलाइन अभिप्राय-गट: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट सुरू होऊन चार वर्षं होत आली. सहा जण आहोत, मी नाशिकचा, दोघं पुण्यात, एक जण नागपूरला, एक ताई दुबईत आणि एक दादा न्यू जर्सीत. कुणी बँकेतून रिटायर झालंय, कुणी आयटीत आहे, कुणी शाळेत शिकवतं, लिहिण्यावर पोट कुणाचंच नाही. दर महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं की आम्हालाही असं काही सुरू करायचंय, कसं करू, आणि मी तेच तेच टाइप करत बसतो, म्हणून एकदाचं हे लिहून ठेवतोय.

लिहिणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप ढीगभर आहेत की, अजून एक कशाला?

आहेत ना, मी स्वतः चार ग्रुपात आहे. सकाळी अलक (अति लघु कथा) टाकली की दहा मिनिटांत तीन अंगठे, दोन गुच्छ, एक 'अप्रतिम' आणि एक 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) ठरलेलं. अलकचं ठीक आहे, चार ओळी असतात. पण मी एकदा साडेतीन हजार शब्दांची कथा टाकली होती आणि पहिलं 'निःशब्द' चाळीस सेकंदांत आलं. आता बोला.

तो ग्रुप कौतुकाचा असतो. कौतुक लागतंच, त्याच्याशिवाय कोण लिहील, पण कथा तिसऱ्या पानावर का झोपली हे तिथे कोणी सांगणार नाही. अभिप्राय-गटात ठरलेली माणसं असतात, ती एकमेकांचं शेवटपर्यंत वाचतात, कुठे अडखळलो ते सांगतात, आणि हे सगळं कथा अजून कच्ची असताना होतं, म्हणजे काहीतरी करता येतं. आयडिया काही आमची नाही. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ सुरू झालं, माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी रविवारी चहाला जमायची आणि कविता वाचायची. आमच्यात चहा ज्याचा त्याच्या घरी, एवढाच फरक. (आणि प्रतिभेचा. तो आहेच.)

किती माणसं घ्यायची?

पाच ते सात. आमचा हिशेब असा आहे: सहा जण, पंधरा दिवसांतून एक मीटिंग, एका मीटिंगला दोघांचं लेखन, म्हणजे प्रत्येकाची पाळी दीड महिन्याने येते. बारा जण घेतले तर तीन महिन्यांनी येईल, तोवर माणूस स्वतःची कथा विसरलेला असतो. आणि चारच असतील तर एकाच्या घरी पाहुणे, एकाला ताप, की उरलेले दोघं मुलांच्या ॲडमिशनवर गप्पा मारतात.

माणसं शोधायची कुठून?

बहुतेकांची चूक इथेच होते. आपल्याला ज्याची कथा आवडते त्याला आपण विचारतो. त्याऐवजी ज्याची कमेंट आवडली त्याला विचारा. मायबोली, मिसळपाव या मराठी वेबसाइट, फेसबुकवरचे कथांचे ग्रुप, कुठेही बघा, शंभर जण 'पुभाप्र' (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) लिहून जातात आणि एखादाच लिहितो की 'आजीने पत्र लपवलं ते कळलं, पण तिला वाचता येत नव्हतं ना, मग कुणी वाचून दाखवलं?' तो माणूस तुमचा. तो स्वतः कसं लिहितो हे दुय्यम आहे, खरंच. आमच्यातली सगळ्यात तयार वाचक वर्षाला एक कथा लिहिते, तीही ओढूनताणून, पण ती गटात नसती तर मी अजून होतो तिथेच असतो.

नवीन माणूस थेट मेंबर करू नका. दोन-तीन मीटिंगा पाहुणा म्हणून बसवा आणि आधी त्याने दुसऱ्याचं वाचायचं, स्वतःचं नंतर, एवढी एकच अट ठेवा. निम्मे लोक इथेच गळतात आणि कुणाचं मनही दुखावत नाही.

घरच्यांनाच वाचायला दिलं तर?

मी बायकोला दिली होती एक कथा. तिने वाचली, शेवटपर्यंत वाचली हं, आणि पहिला प्रश्न विचारला, "यातली सासू म्हणजे माझी आई का?" तेव्हापासून गटात देतो.

कथा, कविता, ललित, सगळं एकत्र चालेल का?

कथा आणि ललित चालतं. कवितेचं जरा अवघड आहे. मुक्तछंद असेल तर निभावतं, पण गझल आली की आमच्यातले चौघं 'भाव छान आहे' म्हणून गप्प, कारण काफिया (म्हणजे यमक) चुकलाय की वृत्तात एक मात्रा जास्त झालीये हे कळायला कान तयार लागतो आणि तो आमचा नाही. गझल लिहिणाऱ्या एका ताईंना आम्ही सरळ सांगितलं की तुमचं नुकसान होतंय, गझल लिहिणाऱ्यांचाच गट बघा. वाईट वाटलं सगळ्यांना, पण बरोबर झालं. कादंबरीचंही तसंच, दीड महिन्यातून एक प्रकरण वाचून कुणाला काय आठवणार, कादंबरीवाल्यांनी दोघातिघांनी मिळून वेगळी सोय करावी.

कुठल्या ॲपवर चालवायचं?

नवीन काही शिकायला लागेल असं काही नको, रिटायर्ड मंडळी तिथेच हात टेकतात. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त निरोपांसाठी. लेखन गूगल डॉक्समध्ये, मीटिंग गूगल मीटवर. फुकट अकाउंटवर तिघांपेक्षा जास्त जण असले तरी मीट साठ मिनिटं चालतं, झूम चाळीस मिनिटांत तोडतं, म्हणून मीट.

डॉक शेअर करताना 'कमेंटर' हा पर्याय निवडा, 'एडिटर' नाही. आम्ही पहिल्यांदा सगळ्यांना एडिटर केलं होतं आणि एका काकांनी अत्यंत प्रेमाने माझ्या कथेचा शेवटच बदलून ठेवला, म्हणाले मुलगी परत यायला हवी. व्हर्जन हिस्ट्रीमधून जुनी प्रत परत आली म्हणून वाचलो.

फाँट युनिकोडच हवा, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं. जुन्या काँप्युटरवर श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डॉक्समध्ये पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, तो आधी कन्व्हर्ट करून घ्यावा लागतो. मोबाइलवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड पुरेसा आहे, आणि ज्यांना टाइप करायचा कंटाळा आहे ते बोलून टाइप करतात, मग 'सासूने सुनेला पाहिलं' चं 'सासूने सोन्याला पाहिलं' होतं आणि आम्ही त्यावर गंभीर चर्चा करतो की हे प्रतीक आहे का.

एका वेळी किती लेखन द्यायचं? किती आधी?

दीड ते दोन हजार शब्द, मीटिंगच्या सात दिवस आधी. सात म्हणजे सात. आदल्या रात्री आलेलं लेखन पुढच्या पाळीला जातं, कारण काहीही असो. हा नियम सुरुवातीला कडक वाटतो, पण आदल्या रात्री घाईघाईत वाचून दिलेला अभिप्राय म्हणजे तेच 'निःशब्द', फक्त जास्त शब्दांत.

मीटिंगमध्ये नेमकं काय होतं?

एका लेखनाला अर्धा तास. पाच वाचक, प्रत्येकाला चार मिनिटं, त्यात वीस मिनिटं गेली. मग लेखक पाच मिनिटं बोलतो, उरलेली पाच मिनिटं उघड चर्चा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाचक बोलत असताना लेखकाचा माइक म्यूट. चॅटमध्येही टाइप करायचं नाही, हे वेगळं लिहावं लागलं कारण माणसं तिथून स्पष्टीकरणं देत होती.

ही पद्धत बाहेरून उचललेली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मिलफर्ड नावाचं गाव आहे, तिथे १९५६ मध्ये डेमन नाइट वगैरे विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी असं जमायला सुरुवात केली, सगळे गोलात बसणार, एकेक जण बोलणार, ज्याची कथा तो सगळ्यांचं संपेपर्यंत गप्प. तीच पद्धत अजूनही बऱ्याच ठिकाणी मिलफर्डच्या नावाने चालते.

गप्प बसणं भयंकर कठीण जातं. मला तर पहिल्या वेळी घाम फुटला होता, कारण सगळे जण म्हणत होते की नायक चिडका वाटतो आणि मला ओरडून सांगायचं होतं की अहो तो चिडका नाहीये, त्याचे वडील नुकतेच गेलेत! मग लक्षात आलं की वडील गेले हे मी कथेत लिहिलेलंच नाही. माझ्या डोक्यात होतं. उद्या कथा छापून आली तर वाचणाऱ्याच्या शेजारी बसून 'मला असं म्हणायचं होतं' सांगायला मी थोडाच जाणार आहे.

'छान आहे' सोडून बोलायचं काय? मी काही समीक्षक नाही.

समीक्षक नकोच आहे. समीक्षकाची भाषा आली की गट मेला म्हणून समजा, 'अस्तित्ववादी जाणिवांचा प्रत्यय' वगैरे ऐकून लेखकाने घरी जाऊन काय दुरुस्त करायचं? वाचताना तुमचं काय झालं तेवढं सांगा. 'इथे हसलो.' 'इथे घड्याळ बघितलं.' 'इथे कोण बोलतंय कळेना, मागे जाऊन परत वाचलं.' कमेंट त्याच ओळीवर टाका म्हणजे झालं.

एक उदाहरण देतो, गटातल्याच एका कथेसारखं, शब्द बदलून. 'दार उघडलं. समोर बाबांची रिकामी आरामखुर्ची. तिला एकदम पोरकं पोरकं वाटलं.' यावर एकाने लिहिलं 'खूप इमोशनल', दुसऱ्याने 'शैली ओघवती', आणि तिसरीने लिहिलं, 'रिकामी खुर्ची वाचूनच माझ्या पोटात कालवलं, आणि लगेच पुढच्या वाक्यात तुम्ही मला सांगताय की आता पोरकं वाटून घ्या. तिसरं वाक्य काढून बघाल का?' या तिसऱ्या कमेंटसाठी गट चालवायचा असतो. ते वाक्य गेलं, आणि नुसतं तेवढंच नाही, त्या लेखिकेने पुढच्या कथांमध्ये अशी वाक्यं आपणहून काढायला सुरुवात केली. खरी गंमत पुढे आहे. ती कमेंट मी वाचली आणि माझ्या जुन्या सहा कथा उघडल्या तर प्रत्येकीत तेच, खुर्ची दाखवून झाल्यावर पोरकं वाटणं. माझ्या स्वतःच्या लेखनावर आलेल्या अभिप्रायांनी मी जेवढा शिकलो त्याच्या दुप्पट दुसऱ्याचं वाचताना शिकलो, कारण आपल्या कथेत आपल्याला खोट दिसत नाही, दुसऱ्याच्या कथेत मात्र लख्ख दिसते.

उपाय सांगताना जरा हात आखडता. 'मला शेवट पटला नाही' हे उपयोगाचं, 'शेवटी तिला कॅन्सर होऊ दे' हे नाही, ती तुमची कथा झाली. आणि लेखकाने एवढं बघावं की दोन-तीन जण एकाच जागी अडखळले का. अडखळले असतील तर गडबड तिथे आहेच, मग त्यांनी सुचवलेले तिन्ही उपाय भंगार असले तरी.

तपशिलाच्या चुका मात्र बिनधास्त सांगा. माझी एक गोष्ट १९९३ सालची होती आणि नायिकेच्या पर्समध्ये मोबाइल वाजला. आपल्याकडे मोबाइल सेवाच १९९५ ला सुरू झाली. दुसऱ्या एका कथेत दिवाळीच्या फराळानंतर सगळे हापूस कापून खात होते. अशा चुका लेखकाला दहा वेळा वाचून दिसत नाहीत.

वयाने मोठ्या माणसाच्या लेखनावर कसं बोलायचं? जीभच उचलत नाही.

हो, हा आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम आहे. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वय ७१. पहिले सहा महिने त्यांच्या पाळीला सगळे 'सर, आम्ही काय बोलणार' म्हणून मोकळे. शेवटी त्यांनीच वैतागून सांगितलं की मला काका म्हणा, पण माझ्या कथेला सर म्हणू नका. त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली, 'तुम्ही' हा शब्द टाळायचा. 'तुम्ही इथे उपदेश केलाय' म्हणायचं नाही, 'इथे निवेदक उपदेश करतोय असं वाटतं' म्हणायचं. ऐकायला नाटकी वाटतं, पण काकांना अहो-जाहो करून त्यांच्या निवेदकाला चार गोष्टी सुनावता येतात. उलट बाजूही आहे बरं का, काका तरुण पोरांना 'अजून लहान आहेस, वाचन वाढव' म्हणायचे, तेही आम्ही बंद केलं.

शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या का?

मीटिंगमध्ये अजिबात नाही. डॉकमध्ये गुपचूप कमेंट टाका. एकदा 'आणि' चा णि ऱ्हस्व की दीर्घ यावर आमची अकरा मिनिटं गेली, कथा राहिली बाजूला. (ऱ्हस्व आहे.) ज्यांना रस आहे त्यांनी मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकदा वाचून काढावेत, १९६२ चे आणि १९७२ ला भर घातलेले, मिळून अठराच आहेत, एका चहात होतात.

आणि कुणी बोलीत लिहिलं तर?

ते शुद्धलेखनात धरू नका, हात जोडून सांगतो. आमच्या नागपूरच्या मेंबरने 'तू काय करून राह्यला बे' असा संवाद लिहिला आणि पुण्याच्या एकाने प्रेमाने दुरुस्त करून 'तू काय करतो आहेस' करून दिला. पात्र होतं पानटपरीवालं. नागपूरकर दोन मीटिंगा आलेच नाहीत. बोली कळली नाही तर 'मला हा शब्द कळला नाही, पण अंदाज आला' किंवा 'अंदाजही आला नाही' एवढं सांगा, लेखक ठरवेल काय करायचं. मालवणी, अहिराणीचंही तेच. बोलीत उलट एक वेगळी गोष्ट तपासायची असते, पात्र पहिल्या पानावर 'मले' म्हणतं आणि चौथ्या पानावर 'मला' म्हणायला लागतं का.

टीका ऐकून कुणी दुखावलं तर?

दुखावणारच. मी स्वतः एकदा मीटिंग संपल्यावर लॅपटॉप आपटून बंद केला होता. आमच्याकडे एक अलिखित नियम आहे, मीटिंगनंतर चोवीस तास त्या विषयावर कुणी कुणाला मेसेज करायचा नाही, ना सॉरी ना खुलासा. दुसऱ्या दिवशी तीच टीका बऱ्यापैकी माणसासारखी वाटते. मात्र कुणी टर उडवत असेल, तर त्याला एकदा खासगीत सांगायचं आणि दुसऱ्या वेळी निरोप द्यायचा. हे काम ॲडमिनचं, म्हणून ॲडमिन कुणाला व्हायचं नसतं.

माझी कथा कुणी चोरली तर?

सहा ओळखीच्या माणसांतून चोरी व्हायची शक्यता तशी कमी, चोरी होते ती फॉरवर्डमध्ये, खालचं नाव उडतं आणि महिन्याभराने आपलीच कविता आपल्याला मामेभावाकडून 'सुंदर विचार' म्हणून येते. कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलं त्या क्षणीच हक्क तुमचा, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. गूगल डॉकवर तारखेसकट हिस्ट्री असते ती पुराव्याला बरी. डाउनलोड-कॉपी बंद करायची सोयही सेटिंगमध्ये आहे, स्क्रीनशॉट मात्र कोण अडवणार. आमचा नियम एवढाच की गटातलं गटाबाहेर जाणार नाही, नवऱ्यालासुद्धा दाखवायचं नाही.

गटात दिलेली कथा दिवाळी अंकाला पाठवता येते का?

आमच्यातले निम्मे त्याचसाठी तर लिहितात. अंकांना अप्रकाशित साहित्य हवं असतं. सहा जणांनी बंद डॉकमध्ये वाचणं म्हणजे प्रकाशन नाही, पण फेसबुकवर टाकली असेल तर बरेच संपादक ती प्रकाशित धरतात, म्हणून मोह आवरा. 'मनोरंजन'ने १९०९ ला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हौशी लेखकाचं वर्ष दिवाळीला संपतं. बऱ्याच अंकांची मुदत पावसाळ्यातच संपते, तेव्हा कथा मार्च-एप्रिलमध्ये गटासमोर यायला हवी, म्हणजे एकदा दुरुस्त करून परत दाखवायला वेळ मिळतो. आम्ही दरवर्षी हे ठरवतो आणि दरवर्षी सगळ्यांच्या कथा जूनमध्ये एकदम येऊन पडतात.

परदेशातले मेंबर असतील तर वेळ कशी जमवायची?

रविवार, भारतातले संध्याकाळचे साडेसात. दुबईत तेव्हा सहा वाजलेले असतात, न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ, कारण ते लोक घड्याळं मागेपुढे करतात. दर नोव्हेंबरला आमचे दादा एक मीटिंग हमखास चुकवतात.

एआयकडून अभिप्राय लिहून घेतला तर चालेल?

नाही. आमच्याकडे एका पाहुण्याने केलं होतं, त्यात लिहिलं होतं की 'पात्रांमधला संवाद जिवंत आहे.' कथेत एकच पात्र होतं आणि ते कोमात होतं. शिवाय दुसऱ्याचं अप्रकाशित लेखन त्याला न विचारता तिकडे पेस्ट करणं मला तरी चोरीच वाटते.

एक जण स्वतःचं टाकतो, दुसऱ्याचं वाचतच नाही. काय करायचं?

दोन वाचन चुकली की स्वतःची पाळी पुढे ढकलली जाते, कुणी काय वाचलं याची नोंद आम्ही एका शीटमध्ये ठेवतो, तिथे आपोआप दिसतं, त्यामुळे कुणाला बोलायची वेळ येत नाही. सांगून ठेवतो, गट भांडणांनी बंद पडत नाहीत, याने पडतात. न वाचता आलेला माणूस सगळ्यांचं ऐकतो आणि मग म्हणतो 'वरील सर्वांशी सहमत'. दोनदा चाललं की तिसऱ्यांदा दुसराही तेच करतो.

फी ठेवायची का?

नको. पैसे आले की खजिनदार आला.

गटाचं नाव काय ठेवावं?

आमचे तीन आठवडे यात गेले होते. शब्द, अक्षर, लेखणी, शाई, पालवी घालून जेवढी नावं होतात तेवढी सगळी झाली, प्रत्येक नावाचा आधीच एक ग्रुप निघाला. शेवटी कंटाळून 'रविवार साडेसात' ठेवलं. आता नागपूरकर म्हणतायत की साडेसातला घरात जेवणाची गडबड असते, आठ करूया, त्यामुळे सध्या ग्रुपवर दोन पोल चालू आहेत, एक वेळेचा आणि एक नावाचा.